स्किन क्लिनिकमधलं एनएडी प्लसचं ड्रिप: कोणी घेतलंय का? (वय ५१)

रानजाई | ६ जानेवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. आरोग्य विभागात टाकलाय, चुकला असेल तर ॲडमिननी हलवावा.

मी ५१ वर्षांची, कोथरूडला राहते, बँकेत नोकरी. पाळी जाऊन दीड वर्ष झालं. गालावर वांग वाढलेत म्हणून गेल्या आठवड्यात एका स्किन क्लिनिकमध्ये गेले होते. डॉक्टरांनी पाच मिनिटं बघून क्रीम दिलं आणि मग बाहेर काउन्सेलर म्हणून एक मुलगी बसते तिच्याकडे पाठवलं. तिने विचारलं मॅडम झोप कशी आहे, एनर्जी कशी आहे, आणि मी बोलायला लागले ते थांबलेच नाही. सात-आठ महिने झाले, दुपारी चारनंतर अंगातलं बळ कोणी काढून घेतल्यासारखं होतं, घरी येऊन कुकर लावायचा म्हटलं तरी आधी पंधरा मिनिटं आडवं व्हावं लागतं, तळपायांना मुंग्या येतात, आणि काउंटरवर दहा वर्षं येणाऱ्या माणसाचं नाव ओठांवर येत नाही. तिने सगळं लिहून घेतलं, मधे एकदाही घड्याळ बघितलं नाही.

मग म्हणाली की वयानुसार शरीरातलं एनएडी प्लस नावाचं कोएन्झाइम कमी होतं, त्यामुळे हे सगळं होतं. ते शिरेतून दिलं की थेट पेशीत जातं, थकवा जातो, मेंदू तरतरीत होतो, त्वचा उजळते, वय वाढण्याचा वेग मंदावतो. एका सिटिंगचे १८ हजार, सहाचं पॅकेज ९० हजार, त्याच दिवशी बुक केलं तर ८०. मी ५ हजार टोकन भरून आलेय. घरी अजून सांगितलेलं नाही.

कोणी घेतलंय का हे? खरंच फरक पडतो का? आणि काही धोका आहे का? पैसे माझे स्वतःचे आहेत, आरडीतले, त्यामुळे "एवढे पैसे कशाला" हे प्लीज नको, औषधाबद्दल सांगा.

वाळवंटातली_सई | ६ जानेवारी, रात्री ११:२५

मी घेतलंय, दुबईत, २ वर्षांपूर्वी, चार सिटिंग. खरं सांगते, मला बरं वाटलं होतं. दुसऱ्या सिटिंगनंतर आठवडाभर सकाळी अलार्मच्या आधी जाग यायची. पण त्याच महिन्यात मी रात्रीची वाइन बंद केली होती आणि कॉर्निशवर, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावर, चालायला जायला लागले होते, त्यामुळे कशाने काय झालं ते मला आजही सांगता येणार नाही. ड्रिप बंद केल्यावर महिन्याभरात सगळं पूर्वीसारखं झालं, पण चालणंही तेव्हाच सुटलं होतं.

एक मात्र सांगते, ते ड्रिप सुखाचं नसतं. पहिल्या दिवशी नर्सने जरा वेगात सोडलं तर दहा मिनिटांत छातीवर कोणी बसल्यासारखं झालं, पोटात कळ, मळमळ, तोंड लाल. वेग कमी केल्यावर थांबलं. शेवटी तीन तास लागले. सहा सिटिंग म्हणजे सहा दिवस असे जाणार, तेवढी रजा हाताशी ठेव.

अबोली_एनजे | ७ जानेवारी, पहाटे ४:१०

इकडे न्यू जर्सीत हे फार बोकाळलंय. माझ्या ऑफिसमधल्या दोघी तर घरीच पोटावर इंजेक्शन घेतात, ऑनलाइन डॉक्टरशी दहा मिनिटं बोलायचं की बर्फात पॅक केलेली बाटली घरी येते. दोघीही सांगतात की टोचल्यावर खूप झोंबतं. मी चौकशी केली तेव्हा कळलं की हे कंपाउंडिंग फार्मसीत, म्हणजे मागणीप्रमाणे स्वतः औषध मिसळून देणाऱ्या दुकानात, बनवलेलं असतं. म्हातारपण लांबवण्यासाठी एफडीएने (अमेरिकेची औषध तपासणारी सरकारी संस्था) मंजूर केलेलं एनएडीचं एकही इंजेक्शन नाही. म्हणजे बाजारात येण्याआधी औषध सुरक्षित आहे का, काम करतं का, हे जसं तपासलं जातं तसं याचं झालेलं नाही. मी तेव्हाच विषय सोडला, पण बाकीचे काय म्हणतात ते वाचायला आवडेल.

डोंबिवलीकर | ७ जानेवारी, सकाळी ८:०२

माझ्या मेव्हण्याला जिममधल्या ट्रेनरने हेच सांगितलंय. वाचतोय.

निवृत्त_मास्तर | ७ जानेवारी, दुपारी १:३५

रानजाईताई, मी ३१ वर्षं कॉलेजात जीवरसायन शिकवलं. हा रेणू माझ्या फार जवळचा, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी हे सांगतो की एनएडी हा प्रकार बनावट नाही. १९०६ साली लंडनमध्ये आर्थर हार्डन आणि विल्यम यंग यीस्टच्या रसावर काम करत होते. तो रस साखर आंबवतो. त्यांना दिसलं की यीस्टचा रस उकळून, गाळून मूळ रसात घातला तर आंबवण्याचा वेग कितीतरी वाढतो. विकर म्हणजे एन्झाइम उकळल्यावर मरतं, म्हणजे उकळूनही टिकणारं दुसरं काहीतरी त्यात होतं, विकराच्या हाताखाली काम करणारं. तेच सहविकर, कोएन्झाइम. पुढे स्टॉकहोमला हान्स फॉन ऑयलर-केल्पिन यांनी ते शुद्ध करून त्याची घडण शोधली आणि १९२९ चं रसायनशास्त्राचं नोबेल हार्डन आणि त्यांना विभागून मिळालं. वर्गात हा प्रयोग सांगताना माझ्या अंगावर दरवेळी काटा यायचा.

हा रेणू शरीरात करतो काय? तुम्ही भाकरी खाल्ली की तिच्यातली ऊर्जा इलेक्ट्रॉनच्या रूपात सुटते, ते इलेक्ट्रॉन उचलून पेशीतल्या मायटोकाँड्रियापर्यंत नेणारा हा हमाल. ओझं उचललं की तो एनएडीएच, उतरवलं की पुन्हा एनएडी प्लस. या ये-जा करण्यात तो खर्च होत नाही. खर्च होतो तो दुसऱ्या कामात: डीएनए तुटला की तो सांधणारी विकरं, सर्टुइन नावाची विकरं आणि सीडी३८ नावाचं एक विकर त्याला मोडून वापरतात. वयाबरोबर, शरीरात दाह वाढला की सीडी३८ वाढतं आणि काही अवयवांत एनएडी कमी होतं, हेही खरं. त्या मुलीने इथपर्यंत चूक सांगितलं नाही.

चूक पुढे आहे. "थेट पेशीत जातं" हे खरं नाही. हा रेणू मोठा आहे, त्यावर विद्युतभार आहे, पेशीच्या पडद्यातून तो सहसा आत जात नाही. रक्तात सोडला की बाहेरच त्याचे तुकडे होतात, त्यातलं निकोटिनामाइड वगैरे आत जातं आणि पेशी त्यापासून आपलं एनएडी नव्याने बांधते. आणि निकोटिनामाइड म्हणजे जीवनसत्त्व बी३ चंच एक रूप. म्हणजे १८ हजारांच्या बाटलीतून पेशीला शेवटी मोठ्या प्रमाणावर जे मिळतं ते आपण शेंगदाण्यातून खातो त्याच घराण्यातलं.

शिरेतून देण्यावर माणसांतले अभ्यास फार थोडे आहेत. २०१९ साली एक प्रसिद्ध झाला, त्यात एकूण ११ पुरुष. आठ जणांना ७५० मिलिग्रॅम एनएडी सहा तासांत दिलं, तिघांना साधं सलाईन. पहिले दोन तास तर रक्तातली पातळी वाढलेलीच दिसली नाही, एवढ्या झपाट्याने ते मोडलं जात होतं. आणि त्या अभ्यासात थकवा गेला का, त्वचा उजळली का, हे पाहिलेलंच नव्हतं.

तोंडाने घ्यायच्या गोळ्यांचे अभ्यास बरेच आहेत. तुमच्या वयाला लागू पडेल असा एक सांगतो. अमेरिकेत सेंट लुईसला पाळी गेलेल्या, वजन जास्त असलेल्या आणि साखर सीमेवर असलेल्या २५ बायकांवर, १० आठवडे, रोज २५० मिलिग्रॅम एनएमएन, म्हणजे एनएडीचा कच्चा माल. २०२१ साली 'सायन्स'मध्ये आला. स्नायूंची इन्सुलिनला दाद देण्याची क्षमता सुधारली. पण वजन, उपाशीपोटीची साखर, रक्तदाब यांत फरक नाही. उंदरांत जे दिसतं त्याच्या मानाने माणसांतलं चित्र इतकं फिकं आहे. मला स्वतःला या संशोधनाबद्दल आशा आहे, पण आज ते दुकानात विकण्याच्या अवस्थेत नाही.

कृष्णाकाठ | ७ जानेवारी, दुपारी ३:१०

मास्तर, सुंदर प्रतिसाद. बी३ चा विषय निघाला म्हणून विचारतो, आमच्या आजीकडून ऐकलंय की दुष्काळात नुसती ज्वारीची भाकरी आणि मीठ-मिरची खाऊन लोकांच्या गळ्याभोवती, हातांवर कातडी काळी पडून सोलायची, आणि मग डोक्यावर परिणाम व्हायचा. ते हेच का? आणि मग आम्ही सोलापूरकरांनी ज्वारी सोडायची का?

निवृत्त_मास्तर | ७ जानेवारी, दुपारी ४:४८

होय, ते पेलाग्रा असणार. शरीरात बी३, म्हणजे पर्यायाने एनएडी, खरोखर संपत आलं की माणसाचं काय होतं ते त्यात दिसतं: कातडी, जुलाब, बुद्धिभ्रंश आणि उपचार नाही झाला तर मरण. अमेरिकेच्या दक्षिणेकडे मक्यावर जगणाऱ्या गरिबांत हा रोग होता, आणि आपल्या दख्खनमध्ये ज्वारीवर जगणाऱ्यांत. हैदराबादला डॉ. कोलुथुर गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली ज्वारीतलं ल्युसिन नावाचं अमिनो आम्ल याला कारण असावं अशी मांडणी केली. त्यावर पुढे वादही झाले, पण आपल्या भाकरीवर जगाने विचार केला तो त्यांच्यामुळे.

ज्वारी मुळीच सोडू नका. तो रोग ज्यांच्या ताटात ज्वारीशिवाय काही नव्हतं त्यांचा. भाकरीबरोबर डाळ, दूध, आणि तुमची शेंगाचटणी असली की झालं. १०० ग्रॅम शेंगदाण्यात साधारण १२ मिलिग्रॅम नायसिन, म्हणजेच बी३, असतं आणि बाईला दिवसाची गरज १४ मिलिग्रॅमच्या आसपास. शिवाय प्रथिनांतल्या ट्रिप्टोफॅनपासून शरीर स्वतःही बनवतं.

सिस्टर_मंगल | ७ जानेवारी, रात्री ९:१५

मी नाशिकला आयसीयूत २२ वर्षं सिस्टर आहे. मास्तरांनी औषधाचं सांगितलं, मी सुईचं सांगते, कारण माझी रोजची भाकरी तीच.

ताई, शिरेत काही सोडणं ही साधी गोष्ट नाही. पोटात गेलेलं काही वाईट असलं तर उलटी होते, यकृत गाळतं, शिरेत गेलेल्याला गाळणी नाही. क्लिनिकमध्ये गेलात तर हे बघा: बाटली तुमच्या समोर फोडतात का, तिच्यावर उत्पादकाचं नाव, बॅच नंबर, एक्सपायरी छापलेली आहे का की नुसतं स्टिकर आहे. सुई लावणारी जीएनएम (नर्सिंगचा कोर्स) झालेली आहे की रिसेप्शनवरचीच मुलगी शिकून लावते. अचानक रिॲक्शन आली तर लागणारं ॲड्रेनलीन, ऑक्सिजन, बीपीचं मशीन खोलीत आहे का. ड्रिप चालू असताना डॉक्टर त्याच मजल्यावर असतात का. यातलं एकही विचारायला लाजू नका, आम्ही हॉस्पिटलात पेशंटने विचारलं तर आनंदाने दाखवतो.

ब्यूटीच्या ठिकाणी जाऊन लोक काय आजार घेऊन आलेत ते नोंदलेलं आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या एका विनापरवाना स्पामध्ये स्वतःचंच रक्त चेहऱ्यावर टोचून घेणाऱ्या बायकांना एचआयव्ही झाला, २०२४ मध्ये सीडीसीने (तिथली रोगनियंत्रणाची सरकारी संस्था) तो अहवाल काढला. आणि ग्लुटाथायोन, जे गोरं करायला म्हणून या ड्रिपमध्येच मिसळून देतात, त्याचा खाण्याच्या दर्जाचा कच्चा माल इंजेक्शनात वापरला आणि लोकांना थंडी-मळमळ-उलट्या झाल्या म्हणून २०१९ मध्ये एफडीएने इशारा दिला होता. तुमच्या बाटलीत एनएडीबरोबर आणखी काय मिसळणार आहेत ते लिहून घ्या.

आता माझा प्रश्न. तळपायाला मुंग्या, थकवा, नावं न आठवणं. तुम्ही शाकाहारी आहात का? शुगरची गोळी चालू आहे का? ॲसिडिटीची रोज घेता का? आणि त्या क्लिनिकने ८० हजार सांगण्याआधी रक्ताची एक तरी तपासणी केली का?

रानजाई | ७ जानेवारी, रात्री ९:५२

मंगलताई, वाचून हात थांबले. शाकाहारी आहे, अंडंही नाही. मेटफॉर्मिन ६ वर्षं चालू आहे, शुगर बॉर्डरला म्हणून. ॲसिडिटीची गोळी सकाळी रोज, तीही ३-४ वर्षं. तपासणी एकही केली नाही, फॉर्म भरून घेतला त्यात फक्त ॲलर्जी आहे का एवढंच होतं. मेटफॉर्मिनचं मी सांगितलं पण त्यावर ती काही बोलली नाही.

डॉ_बालाघाट | ७ जानेवारी, रात्री ११:३०

रानजाईताई, मी बीड जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. सिस्टरनी जे विचारलं ते कुठल्याही डॉक्टरने पहिल्या भेटीत विचारायला हवं होतं. उद्या सकाळी बी१२, सीबीसी, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) करा. एक काळजी घ्या, मधल्या काळात बी-कॉम्प्लेक्स किंवा कसलंही इंजेक्शन घेऊ नका, घेतलं की बी१२ चा आकडा फुगून येतो आणि खरं काय ते कळत नाही. नुसती फॉलिक ॲसिडची गोळीही नको, रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आत चालू राहतं.

बी१२ चं आपल्याकडे काय प्रमाण आहे ते लोकांना माहीत नाही. पुण्यातच केईएम हॉस्पिटलला डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले होते, खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले. २००६ साली ते छापून आलं. ६७ टक्क्यांचं बी१२ कमी होतं आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. म्हणजे कोथरूडसारख्या ठिकाणचा, वरण-भात-तूप, पोळी-भाजी खाणारा सुशिक्षित माणूस. त्यात मेटफॉर्मिनने आतड्यातून बी१२ कमी शोषलं जातं, ॲसिडिटीच्या गोळीने अन्नातून सुटायला लागणारं ॲसिडच कमी होतं. तुमच्याकडे तिन्ही गोष्टी आहेत.

आणि हे मला मनापासून सांगायचंय: बी१२ चं जे मेथिलकोबालामिन असतं ते स्वतः एक कोएन्झाइम आहे. ज्याची कमतरता रक्तात मोजता येते, ज्याचा उपयोग किती झाला ते पुन्हा मोजून बघता येतं असं कोएन्झाइमचं इंजेक्शन गेली कित्येक वर्षं प्रत्येक मेडिकलवर आहे, १०० रुपयांच्या आत एक अँप्युल.

दुसरं, सलाईनबद्दल. माझ्याकडे रोज कोणीतरी येतं, "डॉक्टर, लई अशक्तपणा आलाय, दोन बाटल्या लावा". ऊसतोडीवरून आलेली बाई असते, सहा महिने कमरेत वाकून काम केलेलं असतं. तिला मी समजावतो की बाटलीत मीठ-साखरेचं पाणी आहे, तुला अंडी आणि लोहाची गोळी हवीय, पण तिला बाटली लावली की खरंच बरं वाटतं. दोन तास ती आडवी पडते, पंखा असतो, कोणी कामाला हाक मारत नाही, एक माणूस मधे मधे येऊन हात बघतो. सुरुवातीला मला याची चीड यायची. आता कळतं की ते दोन तास हेच तिला हवं असतं. पुण्या-मुंबईच्या ड्रिपमध्येही मला तेच दिसतं, फक्त खुर्ची चामड्याची आहे.

चिऊताई२ | ८ जानेवारी, सकाळी ७:२०

डॉक्टर, तुमच्या शेवटच्या परिच्छेदाने डोळ्यांत पाणी आलं. मला यावर बोलायचंय कारण सगळे औषधावर बोलतायत.

रानजाई, तू लिहिलंस की त्या मुलीने घड्याळ बघितलं नाही. मी ते वाक्य तीनदा वाचलं. आपण पन्नाशीच्या बायका घरी म्हणालो थकवा आलाय तर नवरा म्हणतो आराम कर, आणि कुकर आपणच लावतो. फॅमिली डॉक्टरकडे गेलो तर ते म्हणतात पाळी गेली ना, वय झालं, होणारच. मी स्वतः दोन वर्षं हेच ऐकलं आणि शेवटी माझा थायरॉइड निघाला. जिथे कोणीतरी विचारतं आणि लिहून घेतं तिथे आपण पैसे भरतो, त्यात मूर्खपणा काही नाही. फक्त ऐकून घेणाऱ्या माणसाने त्यावर उत्तर एकच दिलं, जे त्याच्याकडे विकायला होतं.

त्यामुळे तपासणीला जाताना हीच सगळी यादी कागदावर लिहून ने, मुंग्या कधीपासून, कुठल्या पायाला जास्त, आणि डॉक्टर उठायला लागले तरी कागद पूर्ण वाचून दाखव.

डोंबिवलीकर | ८ जानेवारी, सकाळी ९:४४

चिऊताईंना अनुमोदन. मलाही मेटफॉर्मिन ९ वर्षं आहे, बी१२ आजवर एकाही डॉक्टरने लिहून दिलं नाही. आज देतो रक्त.

मास्तर, एक शंका, इंजेक्शन नको पण बी३ च्या गोळ्या खाल्ल्या तर? मेव्हण्याला काय सांगू?

निवृत्त_मास्तर | ८ जानेवारी, सकाळी ११:०५

डोंबिवलीकर, निकोटिनामाइड हे औषध म्हणूनही अभ्यासलं गेलंय. ऑस्ट्रेलियात ३८६ लोकांवर, ज्यांना आधी त्वचेचे साधे कॅन्सर होऊन गेले होते, ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा वर्षभर दिलं तर नवे कॅन्सर २३ टक्क्यांनी कमी झाले, २०१५ चा अभ्यास. पण ते उन्हाने भाजलेल्या गोऱ्या कातडीच्या, ठरावीक आजाराच्या लोकांसाठी, डॉक्टरच्या देखरेखीखाली.

उलट बाजूही आहे. २०२४ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी दाखवलं की जादा नायसिनपासून शरीरात ४पीवाय नावाचा जो शेवटचा घटक बनतो, तो रक्तात जास्त असलेल्यांत हृदयविकाराचे प्रसंग जास्त दिसतात. याने गोळी वाईट हे सिद्ध झालं नाही, पण "व्हिटॅमिनच तर आहे, जास्त झालं तर लघवीतून जातं" हे म्हणणं आता मला धाडसाचं वाटतं.

आणि ज्यांना कॅन्सर आहे किंवा होऊन गेलाय त्यांनी आपल्या ऑन्कॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय याच्या वाटेला जाऊ नये. कॅन्सरच्या पेशीही एनएडीवर जगतात, इतक्या की पेशीला एनएडी बनवू न देणारी औषधं कॅन्सरवर तपासून पाहिली गेली आहेत. काउन्सेलरच्या फॉर्ममध्ये हा प्रश्न असायलाच हवा. मेव्हणे तरुण असतील, नीट जेवत असतील, तर त्यांचं शरीर एनएडी रोज बनवतंय.

वाळवंटातली_सई | ८ जानेवारी, दुपारी २:१८

मास्तर, माझ्या फॉर्ममध्ये हा प्रश्न नव्हता. माझ्या आईला स्तनाचा कॅन्सर होता. मला हे आधी माहीत असतं तर मी विचारून मगच घेतलं असतं. घरातला इतिहास सांगून आता एकदा डॉक्टरांना भेटते.

रानजाई | ११ जानेवारी, संध्याकाळी ६:३०

रिपोर्ट आले. बी१२ १२८, हिमोग्लोबिन १०.९, फेरिटिन ९. थायरॉइड नॉर्मल. एचबीए१सी ६.३.

काल आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे कागद घेऊन गेले, चिऊताईने सांगितल्यासारखा पूर्ण वाचला. त्यांनी ट्यूनिंग फोर्क अंगठ्याला लावून बघितला, उजव्या पायाला थरथर कळली, डाव्याला फार उशिरा कळली. ते म्हणाले हे मी दोन वर्षांपूर्वीच तपासायला हवं होतं, माझी चूक झाली. मला त्यांचा राग आला नाही, ते असं म्हणाले याचंच बरं वाटलं. बी१२ ची इंजेक्शनं एक दिवसाआड सुरू केलीत, मग आठवड्याला, मग महिन्याला. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर, चहाच्या आधी-नंतर दोन तास नाही. ॲसिडिटीची गोळी हळूहळू बंद करणार. फेरिटिन इतकं कमी का, त्यासाठी आणखी तपासण्या सांगितल्यात.

क्लिनिकला फोन केला. टोकन परत मिळत नाही म्हणाले. मी म्हटलं तुमच्याकडून जे देणार होतात त्या बाटलीचं लेबल व्हॉट्सॲप करा, कंपनीचं नाव आणि बॅच नंबर दिसेल असं. दोन दिवस झाले, आलेलं नाही. घरी सगळं सांगितलं. नवरा गप्प बसला, मग म्हणाला मुंग्यांचं मला का नाही सांगितलंस. मी सांगितलं होतं, गणपतीत. त्याला आठवलं नाही. काल कुकर त्याने लावला.

सिस्टर_मंगल | ११ जानेवारी, रात्री ८:०५

लेबल मागितलंत ते फार छान केलंत. ५ हजारांसाठी त्यांना लेखी मेल करा, सेवा घेतलेली नाही आणि औषधाची माहिती मागूनही दिली नाही असं स्पष्ट लिहा, आणि नाही दिले तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, मराठीतही घेतात. इंजेक्शन दंडात घेत असाल तर आलटून पालटून घ्या, गाठ होत नाही.

डॉ_बालाघाट | ११ जानेवारी, रात्री १०:५०

थकव्यात फरक आधी जाणवेल, दोन-तीन आठवड्यांत. मुंग्या जायला महिने लागतात, कधी सुरुवातीला वाढल्यासारख्याही वाटतात, घाबरून इंजेक्शन सोडू नका. डाव्या पायाचा तोल सांभाळा, अंधारात बाथरूमला जाताना दिवा लावा. पाळी गेलेल्या बाईचं फेरिटिन ९ असणं मीही गांभीर्याने घेतो, तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या तपासण्या टाळू नका.

डोंबिवलीकर | १२ जानेवारी, सकाळी ८:३०

माझं बी१२ १६४ आलं, कमीच. मेव्हण्याने ड्रिप रद्द केलं नाही, पण आधी रक्त तपासतो म्हणालाय.

रानजाई | २६ फेब्रुवारी, रात्री ९:२०

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं. नऊ इंजेक्शनं झाली. गेल्या आठवड्यात बँकेतून येताना भाजी घेऊन आले आणि घरी आल्यावर लक्षात आलं की आडवं व्हायचं राहिलंच. डाव्या पायाच्या मुंग्या आहेत, पण आता फक्त बोटांत. आतड्याच्या तपासण्या चांगल्या आल्या. टोकनचे ५ हजार मेल पाठवल्यावर अकराव्या दिवशी खात्यात जमा झाले, लेबल शेवटपर्यंत आलं नाही. वांग आहेत तसेच आहेत, त्यासाठी मुकाट सनस्क्रीन लावतेय.

नणंदेलाही घेऊन गेले होते तपासायला, तिचं बी१२ ११०, म्हणजे तेही कमीच.

पैलतीर | २७ फेब्रुवारी, सकाळी १०:०२

नवीन सभासद आहे, धागा आजच सापडला. आईचं वय ७४, सातारा, बी१२ २४० आलंय, लॅबच्या कागदावर नॉर्मल लिहिलंय, पण जीभ लाल आणि गुळगुळीत झालीय आणि चालताना भिंतीला धरते. डॉक्टरांनी बी१२ नॉर्मल आहे म्हणून सोडून दिलं. काही करावं का?

डॉ_बालाघाट | २७ फेब्रुवारी, दुपारी १:४०

२४० हा काठावरचा आकडा आहे, तेवढ्यावरून कमतरता नाही असं म्हणता येत नाही. होमोसिस्टीन आणि मेथिलमॅलोनिक ॲसिड या रक्ताच्या तपासण्या करून घ्या, शरीराला बी१२ कमी पडतंय का ते त्यात कळतं, साताऱ्यातल्या लॅब नमुना पुण्याला पाठवतात. या वयात जीभ आणि चाल दोन्ही बदललंय, तर रिपोर्टची वाट बघत महिना घालवू नका, उद्याच नसांच्या डॉक्टरांना दाखवा. पहिल्या इंजेक्शनच्या आधी रक्त काढायला विसरू नका. आई भिंतीला धरतात ते एकाच बाजूने की दोन्ही?